बारावी, गांजा आणि आमचं घर

आमचा मुलगा सतरा वर्षांचा असताना नैराश्य आणि गांजा या दोघांनी त्याला एकदमच गाठलं. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मी पतसंस्थेत नोकरी करते, नवऱ्याची तासगावजवळ वडिलोपार्जित द्राक्षबाग आहे, घरात सासूबाई आणि मुलाहून चार वर्षांनी लहान मुलगी. आज मुलगा कमावता आहे, गांजापासून लांब आहे आणि मनाच्या डॉक्टरांकडे अजूनही ठरल्या वेळी जातो. हे लिखाण आधी त्याला वाचायला दिलं. त्यानं दोन प्रसंग काढायला लावले, ते काढले. बाकीचं त्याच्या संमतीनं छापायला देतेय.

लिहायचं कारण एकच. गेली काही वर्षं मला रात्री उशिरा फोन येतात. कुणाची वहिनी, कुणाची मावसबहीण. आवाज खाली आणून बोलतात, बहुतेक गच्चीत जाऊन. "तुमच्याकडे झालं होतं ना, तसंच आमच्याकडे झालंय." त्यांना जे सांगते तेच इथे सांगतेय.

१. डॉक्टरांना दोन्ही सांगा.

मनाच्या डॉक्टरांकडे गेलं की गांजा लपवायचा आणि व्यसनमुक्तीवाल्यांकडे गेलं की मनाचं लपवायचं, हे घराघरांत चालतं. आम्हालाही एका जवळच्या नातेवाइकांनी बजावलं होतं, "झोप येत नाही एवढंच सांगा. गांजाचं कागदावर आलं की पुढे पोराचं लग्न अडेल." आम्ही पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं, आणि उपचारांची दिशा त्यावरच ठरली.

उदास मूल गांजा ओढतं, कारण तेवढा वेळ डोकं शांत होतं. नशा उतरली की उदासी आणखी दाटते, म्हणून ते पुन्हा ओढतं. त्यातलं एकच धरून उपचार केले तर दुसरं त्याला परत खाली खेचतं. या वयात नियमित गांजा ओढणाऱ्या मुलांना भास होण्याचा, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे असं वाटू लागण्याचा धोका वाढतो. घराण्यात कुणाला तसा आजार असेल तर तो आणखी वाढतो. त्यामुळे "भावकीत कुणाला मानसिक आजार होता का?" असं डॉक्टरांनी विचारलं, तर त्या वेळी घराण्याची अब्रू सांभाळत बसू नका. नवऱ्यानं त्याच्या एका चुलत्याबद्दल तेव्हा सांगितलं. ती गोष्ट लग्नानंतर इतक्या वर्षांत मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

२. खोली धुंडाळण्याआधी मूल बघा.

लाल डोळे, खोलीत नको इतका उदबत्तीचा वास, एकाच नंबरला दोनशे-तीनशे रुपये पुन्हा पुन्हा पाठवलेले. या खुणा खऱ्या आहेत. पण आमच्या मुलानं त्याआधी क्रिकेट सोडलं होतं, मग रोजची आंघोळ, मग आवडीचं थालीपीठ. दिवसा झोपायचा, रात्रभर जागा असायचा. या खुणा नशेच्या आहेत तशाच नैराश्याच्याही आहेत. कुमारवयातलं नैराश्य रडव्या चेहऱ्यानंच येतं असं नाही. बऱ्याचदा ते चिडचिडीतून दिसतं आणि आपण त्याला उर्मटपणा म्हणून मोकळे होतो. दोन आठवड्यांच्या वर असं चाललं तर कारण हुडकत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.

गांजा आणि दारू यांवरच डोळा ठेवणाऱ्यांना एक सांगते. देशभरच्या नशेच्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यात मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळलेली नशा एकच होती, हुंगायच्या पदार्थांची. १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८ टक्के. पंक्चरचं सोल्युशन आणि व्हाइटनर कुठल्याही दुकानात मिळतात आणि दप्तरात सापडले तरी कुणाला खटकत नाहीत.

३. "का घेतोस?" या प्रश्नाला उत्तर येत नाही. "घेतल्यावर काय होतं?" याला येतं.

विश्रामबागहून मिरजेला डॉक्टरांकडे जाताना तो स्कूटरवर माझ्या मागे बसायचा. समोरासमोर बसवलं की त्याच्या तोंडातून शब्द फुटत नसे. स्कूटरवर मात्र तोंडं एकाच दिशेला, वाऱ्याचा आवाज, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. तिथे तो बोलायचा. एकदा मी विचारलं, "ओढल्यावर नेमकं काय होतं रे?" बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "डोक्यात सारखी टेस्ट चालू असते. ओढलं की कुणीतरी पेपर काढून घेतं."

मी गाडी थांबवली नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. एवढंच विचारलं, "आणि नंतर?"

"नंतर पेपर परत देतात. वेळ कमी उरलेला असतो."

त्या दिवशी हेच शब्द त्यानं डॉक्टरांना सांगितले. पुढे समुपदेशक ताईंनी याच धाग्यावर महिनोन्‌महिने काम केलं. ती टेस्ट कधी सुरू होते, कुणाच्या आवाजात सुरू होते, गांजाशिवाय ती कशानं थांबते, हे त्याच्याकडूनच लिहून घेतलं. 'वाईट संगत' एवढंच धरून बसलो असतो तर यातलं काहीच कळलं नसतं. संगत होतीच. पण त्याच संगतीतली दुसरी मुलं एकदा ओढून घरी गेली आणि हा तिथेच राहिला, याचं उत्तर संगतीत मिळत नाही.

४. मरणाबद्दल स्पष्ट विचारा.

हा मुद्दा फोनवर आला की पलीकडे शांतता होते. "विचारलं आणि त्याच्या डोक्यात नसताना तेच भरलं तर?" असं होत नाही. विचारल्यानं तो विचार मनात येत नाही, उलट ज्याच्या मनात आधीपासून आहे त्याला तो उतरवून ठेवायला जागा मिळते. गोल गोल विचारू नका. "तुला मरावंसं वाटतं का? कसं करायचं ते ठरवलंयस का?" मी याच शब्दांत विचारलं. पहिल्या प्रश्नाला 'हो' आलं, दुसऱ्याला 'नाही'. 'हो' ऐकून पायाखालची जमीन सरकते. तरी त्या क्षणी रडू नका, शपथा घालू नका, "आमचा विचार नाही का केलास?" असं म्हणू नका. "बरं केलंस सांगितलंस, मी इथेच आहे" एवढं म्हणा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. दुसऱ्या प्रश्नालाही 'हो' आलं तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका, तडक दवाखान्यात न्या.

आमच्याकडे दुसरी गोष्टही लगेच केली. बागायतदाराच्या घरी फवारणीचं औषध असतंच. नवऱ्यानं त्याच संध्याकाळी शेडमधले सगळे डबे टेम्पोत घातले आणि मेहुण्याच्या कुलूपबंद खोलीत नेऊन ठेवले. पुढे जेवढी फवारणी तेवढंच औषध त्या दिवशी आणायचं, उरलं तर परत पोचवायचं. घरातल्या गोळ्या, अगदी सासूबाईंच्या बीपीच्यासुद्धा, माझ्या कपाटात गेल्या. जिवावर उठवणारी ती लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते, आणि तेवढा वेळ हाताशी काही नसलं तर मूल वाचतं. ज्यांच्या घरी शेती आहे त्या प्रत्येकानं हे आजच करावं, मुलाला काही झालेलं असो वा नसो.

५. डॉक्टर जवळचा बघा.

कुणी बघू नये म्हणून सांगलीचे लोक कोल्हापूरला जातात आणि कोल्हापूरचे पुण्याला. पहिल्या भेटीला सगळे उत्साहानं जातात, तिसऱ्या भेटीला सुट्टी मिळत नाही आणि उपचार तिथेच तुटतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे जावे लागतात, कधी त्याहून जास्त. तरुण मुलांमध्ये सुरुवातीच्या काळात मरणाचे विचार वाढत नाहीत ना, याकडे बारीक लक्ष ठेवावं लागतं, मात्रा बदलावी लागते. हे सगळं वारंवार जाण्यानंच होतं. आम्हाला प्रतीक्षागृहात ओळखीचे लोक भेटले. तेही त्याच कामासाठी आले होते. "या गोळ्यांची सवय लागते" असं शेजारीपाजारी सांगतील. लिहून दिलेल्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, शंका डॉक्टरांनाच विचारा.

गांजा सोडल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस चिडचिड, झोप उडणं, जेवण न जाणं हे होतं. ते दिवस सगळ्या घराला कठीण जातात. तेव्हा "सोडूनही हा असाच" असा निष्कर्ष काढू नका. लघवीची तपासणी करायची की नाही हे डॉक्टरांवर सोडा. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांजाचा अंश कित्येक आठवडे दिसू शकतो. तेवढ्या कागदावरून "काल परत ओढलास" असा आरोप केला तर खरं बोलणाऱ्या मुलाचा विश्वास कायमचा उडतो.

६. आजीला यातून वगळू नका.

सासूबाईंना वाटलं, करणी झालीय. त्यांनी नातवाला नरसोबाच्या वाडीला नेलं, दत्ताच्या पादुकांवर डोकं टेकवलं, अंगारा लावला. तो गेला. गोळ्याही चालू राहिल्या, आणि त्या वेळेवर घेतल्या का हे पुढे सगळ्यांत नेमानं सासूबाईच विचारू लागल्या. श्रद्धेची आणि उपचारांची आमच्या घरात भांडणं झाली नाहीत, याचं श्रेय मी त्यांना देते.

पण एका गोष्टीला आम्ही ठाम नाही म्हटलं. एका आप्तांनी पुडी आणून दिली होती, "चहातून द्या, त्याला कळायचंही नाही." अशा न सांगता व्यसन सोडवणाऱ्या औषधांच्या जाहिराती आजही भिंतींवर असतात. पुडीत काय आहे ते माहीत नसतं, चालू गोळ्यांशी त्याचं काय होईल तेही माहीत नसतं, आणि मुलाला पुढे कळलं तर तो घरातलं अन्नही संशयानं खाईल.

७. भरती करायची वेळ आली तर केंद्र आधी डोळ्यांनी बघून या.

प्रत्येक मुलाला दाखल करावं लागत नाही. आमच्या मुलाला लागलं नाही. पण फोन करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना कुणीतरी सांगितलेलं असतं, "रात्री गाडी पाठवतो, चार पोरं येऊन उचलून नेतील." तिथे मुलाला पाठवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे. त्याप्रमाणे अठराखालच्या मुलाला अपवाद म्हणूनच दाखल करता येतं, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं, मुलाला मोठ्यांच्यात ठेवता येत नाही आणि पालकांपैकी कुणीतरी किंवा नेमलेली व्यक्ती सोबत राहावी लागते. विचारायचे प्रश्न साधे आहेत. नोंदणी कुणाकडे आहे? मानसोपचारतज्ज्ञ किती दिवसांनी येतात? मुलांना वेगळं ठेवता का? भेटू देता का? उत्तर देताना समोरचा चिडला तर तिथून निघा.

चांगली उदाहरणं आपल्याकडे आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली सुरू झालं. अनिल अवचटांनी गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) विळख्यातल्या मुलांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पुढे आले आणि डॉ. अनिता अवचट यांनी ते काम उभं केलं. तिथे आलेल्याला रुग्णमित्र म्हणतात आणि घरच्यांनाही उपचारांत बसवतात. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. या ठिकाणी काय केलं जातं हे वाचून ठेवा, म्हणजे आपल्या गावातल्या केंद्रात काय मागायचं ते कळेल.

८. कायद्याची भीती बाळगून उपचार टाळू नका.

अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४ अ आहे. ज्याच्यावर नशा केल्याचा किंवा थोडासा माल बाळगल्याचा गुन्हा आहे, अशा व्यसनी माणसानं आपणहून सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेतले, तर त्याला खटल्यातून संरक्षण मिळतं. अठराखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. आणि लहान मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मुलाला गुन्हेगार ठरवून घाबरवणारे खूप भेटतील. कायदा खरा कडक आहे तो विकणाऱ्याशी.

९. पैसे हातात देऊ नका, आणि पैशावरून अपमानही करू नका. रिचार्ज, क्लासची फी, मित्राची उधारी, जे खरं असेल ते आम्ही परस्पर भरलं, त्याच्या देखत.

१०. दुसऱ्या मुलाकडे बघा.

मुलगी तेव्हा आठवीत होती. शाळेतून आली की दारात चपला काढायच्या आधी माझ्याकडे बघायची आणि ओठांनीच विचारायची, "दादा बरा आहे?" मी मान हलवली की मग आत यायची. घरात आजारी मूल असलं की निरोगी मूल फार शहाणं होतं. तिनं त्या वर्षी काही मागितलं नाही. नवीन वह्यासुद्धा मागितल्या नाहीत, दादाच्या जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून वापरली. ते शिवलेलं बाड तिच्या वर्गशिक्षिकांनी आम्हाला दाखवलं.

शिक्षिकांनी आणि आम्ही मिळून तिच्यासाठी एक गोष्ट ठरवली. रविवारची संध्याकाळ तिची. नवरा तिला घेऊन हरिपूरला संगमावर जायचा, भेळ खायची, आणि त्या वेळात दादाचा विषय तिनं काढला तरच काढायचा. काही आठवड्यांनी तिनं तो काढला. "मला त्याचा राग येतो आणि मग मला स्वतःचा राग येतो," असं म्हणाली. तेरा वर्षांची मुलगी. समुपदेशक ताईंनी तिच्याशीही वेगळं बोलणं सुरू केलं. हा मुद्दा कुठल्याच फोनवर कुणी आपणहून विचारत नाही, म्हणून मीच विचारते. "दुसरं मूल कसं आहे?" पलीकडून हमखास एकच उत्तर येतं, "तिचं काय, ती फार समजूतदार आहे." अशी समजूतदार झालेली मुलं मला काळजीत टाकतात.

११. वर्ष गेलं तर जाऊ द्या. आमच्या मुलानं त्या फेब्रुवारीत बारावीची परीक्षा दिली नाही. नंतर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. आज त्याच्या पगाराच्या कागदावर ते वर्ष कुठेही दिसत नाही.

१२. घसरण होईल असं धरूनच चाला.

बरं वाटू लागल्यावर कित्येक महिन्यांनी, गणपती विसर्जनाच्या रात्री तो ओढून आला. त्याच्या चालण्यावरून आम्हा दोघांना कळलं. अशा वेळी काय करायचं हे नवरा-बायकोनं आधी डॉक्टरांसमोर बसून ठरवलेलं असलं पाहिजे, कारण त्या रात्री दोघांची तोंडं दोन दिशांना असतात. आमचं ठरलं होतं: रात्री एक शब्दही बोलायचा नाही, जेवायला वाढायचं, झोपू द्यायचं. सकाळी चहाबरोबर बोलायचं, आवाज न चढवता, आणि बोलणं एकाच गोष्टीवर, आता डॉक्टरांना फोन कोण करणार. सकाळी त्यानं स्वतः फोन केला. व्यसनमुक्तीच्या कामातली माणसं याला स्लिप म्हणतात. ती झाली म्हणजे आधीचे सगळे महिने फुकट गेले असं ती मानत नाहीत. आम्हीही मानलं नाही.

त्या महिन्यांत नवरा आणि मी आलटून पालटून खचलो. दोघांनी एकदम खचायचं नाही एवढं पाळलं. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी नार-अनॉनचे, आणि व्यसन दारूचं असेल तर अल-अनॉनचे, गट असतात, तिथे फी नसते आणि तिथलं बोलणं तिथेच राहतं. आपल्या जवळपास गट असेल तर जा. मूल यायला तयार नसलं तरी तुम्ही जा. समुपदेशकाकडेही आधी आईबापांनीच जायचं असेल तर जाता येतं. "तो येतच नाही हो" या एका वाक्यावर कित्येक घरांची दोन-दोन वर्षं जातात, आणि मला सगळ्यात जास्त तळमळ याची वाटते.

मला फोन करता तसा आधी तिथे करा जिथे शिकलेली माणसं बसलेली आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६. परीक्षा होऊ दे, निकाल लागू दे, बहिणीचं लग्न पार पडू दे, असं म्हणत थांबू नका. आज फोन लावा.